राजापूरची वखार आणि दूरदेशीचा बाजार



हा पाठ संध्याकाळच्या वर्गात वाचून दाखवावयाचा असल्यास उपदेशकांनी प्रथम एक लहानसे काम करावे. वर्गास आलेल्या प्रत्येकास आपापल्या चुलीपाशी काय काय असते ते सांगावयास लावावे, आणि त्यांतील कोणती वस्तू मूळची आपल्या देशची व कोणती परकी हे त्यांनाच ठरवू द्यावे. तांदूळ, आमसूल, हळद, मिरी ही आपली, ह्याविषयी वाद होणार नाही. मग मिरचीचे नाव निघेल. कोकणातल्या मनुष्यास असे वाटते की, मिरचीवाचून आपल्या वाडवडिलांनी एक दिवसही काढला नसेल. परंतु मिरची अमेरिका खंडातील आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज लोकांच्या गलबतांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तत्पूर्वी आपल्या कालवणास तिखटपणा येत असे तो मिऱ्यांचा. ज्या काजूच्या बिया विकून आपण पावसाळ्याची बेगमी करतो तो काजू ब्राझील देशाचा. पेरू, पपई, अननस, बटाटा, तंबाखू हीही तिकडचीच. आंबा मात्र आपला आहे खरा. तरी हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क ह्या पोर्तुगीज सरदाराच्या नावावरून पडले असे सांगतात, आणि गोव्यात कलमी आंब्याची लागवड पोर्तुगिजांच्या अमलात वाढली. ज्या मिशनरी लोकांनी आमच्या प्रांतात शाळा व छापखाने घातले त्यांतील पहिले १८१३ साली अमेरिकेहूनच मुंबईस आले, हेही ह्याच ओघात सांगण्याजोगे आहे.

एका देशाचा माल, पैसा, माणसे, विद्या, रोग व कायदे दुसऱ्या देशात अशी ये-जा करू लागतात, आणि एके ठिकाणी जे घडते त्याचा परिणाम हजारो कोसांवरच्या घरात त्याच वर्षी, किंबहुना त्याच आठवड्यात जाणवू लागतो, तेव्हा त्यास 'जागतिकीकरण' असे म्हणतात. हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांत वारंवार दिसू लागला तो १९९१ साली हिंदुस्थान सरकारने परदेशी मालास व भांडवलास दारे अधिक उघडली तेव्हापासून. पुढे १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली व तो शब्द शाळेच्या पुस्तकांतही आला. शब्द नवा, परंतु गोष्ट नवी नाही. ती समजून घेण्यास विलायतेस जाण्याची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर हे एकच गाव नीट पाहिले म्हणजे पुरे आहे.

मात्र पाहताना एक प्रश्न मनात धरून पाहावे. माल आला किंवा गेला, एवढ्याने कोणाचे बरे होत नाही आणि वाईटही होत नाही. भाव कोण ठरवितो, आणि सौदा फसला तर नुकसान कोणाच्या पदरी पडते, हा तो प्रश्न होय.

राजापूर अर्जुना व कोदवली ह्या नद्यांच्या काठी, समुद्रापासून सात-आठ कोस आत वसलेले आहे. जैतापूरच्या खाडीतून भरतीचे पाणी येथवर चढत येते, आणि मागच्या बाजूस अणुस्कुऱ्याचा घाट उतरला की देशावरची वाट येऊन मिळते. अशी जागा व्यापाऱ्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. घाटावरून बैलांच्या पाठीवर मिरी व सुती कापड खाली यावे, येथे गलबतांत भरावे, आणि अरबस्तान, इराण व पुढे युरोप ह्या देशांस जावे, असा तो क्रम होता. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने येथे वखार घातली. पुढे फ्रेंचांनीही घातली. वखार म्हणजे नुसते कोठार असे मात्र समजू नये. तेथे कंपनीचे नोकर राहत, हिशेब लिहीत, कारागिरास आगाऊ रक्कम देऊन माल बांधून घेत, आणि सुरतेच्या वरिष्ठांस पत्रे पाठवीत. सुरतेचे वरिष्ठ लंडनास लिहीत. लंडनच्या धन्यांनी कोणते कापड हवे व किती हवे ते ठरवावे, आणि त्यांचे पत्र सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर राहून येथे पोहोचावे. राजापूरच्या बाजारात विणकराच्या थानास काय मिळेल हे अशा रीतीने त्याने कधी न पाहिलेल्या गावी ठरू लागले.

ह्या वखारीचा जो प्रसंग इतिहासात प्रसिद्ध आहे तो थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण परका व्यापारी केवळ व्यापारी राहीनासा झाला म्हणजे काय होते ते त्यात दिसते. १६६० साली विजापूरचा सरदार सिद्दी जौहर ह्याने पन्हाळगडास वेढा घातला. शिवाजी महाराज गडावर होते. राजापूरच्या वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन ह्याने आपल्या माणसांसह उखळी तोफा व गोळे घेऊन तेथे जावे आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा करावा, ह्याचे व्यापाराच्या दृष्टीने काही एक कारण नव्हते. विजापूरकरांची मर्जी राखावी व तोफगोळेही खपवावे, इतकाच त्याचा हिशेब. महाराज वेढ्यातून निसटले, आणि १६६१ साली फौजेसह राजापुरावर उतरले. वखार लुटली गेली, पुरलेले द्रव्य असेल म्हणून तिची जमीन खणली गेली, गावातल्या धनिकांकडूनही वसुली झाली, आणि रेव्हिंग्टन व त्याचे सोबती कैद होऊन सुमारे दोन वर्षे किल्ल्यांवर राहिले.

कैद्यांनी सुरतेस पत्रांवर पत्रे लिहिली की, आम्हांस सोडविण्यासाठी कंपनी काहीच का करीत नाही? तेव्हा सुरतेहून जे उत्तर आले त्याचा आशय असा होता की, तुम्ही कैदेत का आहा हे तुम्ही जाणताच. कंपनीचा माल राखताना तुम्ही सापडला नाहीत, तर इंग्रजांचे म्हणून ओळखले जाणारे निशाण लावून पन्हाळ्यावर गोळे टाकण्यास गेला म्हणून सापडला. नोकरांनी धन्याच्या नावावर साहस केले, आणि धन्याने ते साहस नोकरांच्या माथी मारले.

पुढे १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला आणि त्या वेळच्या तहात राजापूरच्या वखारीची भरपाई हे एक कलम होते. म्हणजे तेरा वर्षांनी का होईना, कंपनीने आपला दावा वहीत जिवंत ठेवला व तो मान्य करून घेतला. ज्या हमालांनी गाठोडी वाहिली, ज्या तांडेलांची गलबते त्या वर्षी रिकामी उभी राहिली, ज्या विणकरांचे थान कोणी उचलले नाही, त्यांच्या भरपाईचे कलम त्या तहात नव्हते. त्यांची वही कोणी लिहिलीच नव्हती.

बंदराचे पुढे काय झाले? नदी डोंगरावरची माती आणीत राहिली, खाडी गाळाने भरत गेली, आणि जगातील जहाजे मोठी होत गेली. १८८० च्या सुमारास सरकारने छापलेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरात राजापूरविषयी असे सांगितले आहे की, रत्नागिरीच्या बंदरांपैकी अरबांची गलबते थेट येतात असे हेच एक उरले आहे, परंतु मोठे गलबत जुन्या दगडी धक्क्यापासून तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही. त्यानंतर १८९१ साली आगगाडी कोल्हापुरास पोहोचली. देशावरचा माल मग घाट उतरून राजापुरास कशास येईल? तो मिरजेवरून मुंबईकडे वळला. ह्यात कोणी राजापूरच्या लोकांचा द्वेष केला असे नव्हे. राजापूरचा विचारच कोणी केला नाही, इतकेच.

माल मुंबईस गेला त्याच्यामागून माणसेही गेली. मुंबईत पहिली कापडाची गिरणी १८५४ साली निघाली. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत उत्तर व दक्षिण प्रांतांमध्ये युद्ध चालू होते; तिकडचा कापूस इंग्लंडास जाईनासा झाला व हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या चार वर्षांत मुंबई श्रीमंत झाली, आणि युद्ध संपल्याची तार येताच तिच्या पेढ्या कोसळल्या. अमेरिकेतील गुलामांच्या सुटकेसाठी झालेल्या लढाईने मुंबईच्या सावकारांची घरे भरावी व तिच्या शेवटाने ती रिती व्हावी, ह्याहून जागतिकीकरणाचे स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही. त्या भरभराटीतून जी गिरण्यांची नगरी उभी राहिली तिला हात पुरविले ते मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याने. वडील परळास वा लालबागेस, आई व मुले गावी, आणि महिन्याच्या महिन्यास पोस्टमनने आणलेली मनीऑर्डर, असा आपल्या तीन-चार पिढ्यांचा संसार झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणीकामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे उंच इमारती व मोठाली दुकाने झाली. कामगार मात्र, ज्यास शक्य होते तो, पिशवी घेऊन गावी परत आला.

ज्या वाटेने मनीऑर्डरी आल्या त्याच वाटेने आजारही आले. १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप शिरला तो जहाजांच्या मार्गाने, आणि घाबरून गावी पळालेल्या लोकांबरोबर तो कोकणातही उतरला. २०२० सालचे सर्वांस आठवते. मार्चच्या अखेरीस सर्व देश बंद झाला, आणि त्यानंतर चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावाकडे येऊ लागले. ज्यांच्या पैशावर घरावर कौले चढली त्याच मुलांस शाळेच्या खोलीत चौदा-चौदा दिवस वेगळे ठेवावे लागले; कित्येक वाडींच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले गेले. त्या दिवसांत कोणी कोणास काय बोलले ते आता उकरून काढण्यात अर्थ नाही. परंतु दूरचा रोग आणि दूरची कमाई ही एकाच दाराने घरात येतात, हे त्या वेळी जितके समजले तितके कोणत्याही व्याख्यानाने समजले नसते. आखातात गेलेल्या आपल्या मुसलमान शेजाऱ्यांनी हे आधीच अनुभवले होते. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत देश बळकावला तेव्हा एक लाख सत्तर हजारांच्या आसपास हिंदी लोकांस विमानांनी परत आणावे लागले. त्यांत कोकणचेही होते. वर्षानुवर्षांची पुंजी तिकडेच टाकून ते नेसत्या वस्त्रांनिशी आले.

आता आपल्या अंगणातील झाडाकडे येऊ. समजा, सागवे किंवा नाटे येथील एका बागाईतदाराची शंभर कलमे आहेत. माघात मोहोर आला, थ्रिप्स नावाच्या किडीसाठी त्याने तीन-चार फवारण्या मारल्या, त्यासाठी वाशीच्या एका दलालाकडून आगाऊ रक्कम उचलली. चैत्रात पेट्या भरून ट्रक गेला. वाशीच्या बाजारात पुष्कळ वर्षे अशी चाल होती की, दलाल व घेणारा ह्यांनी रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून पेटीचा भाव ठरवावा. आंबा ज्याचा तो शेजारी उभा असला तरी बोटे किती धरली हे त्यास दिसत नसे. दहा दिवसांनी पट्टी हाती येई तेव्हा त्यास भाव कळे. आमच्या मते लंडनहून येणारे ते सहा महिन्यांचे पत्र व हा रुमाल ह्यांत फारसा भेद नाही. दूरदेशी बाजार असल्यानेच माणूस नाडला जातो असे नव्हे. दोनशे मैलांवरच्या रुमालानेही तो नाडला जातो.

तथापि दूरचा बाजार अधिक विचित्र आहे हे खरे. युरोपातील देशांच्या संघाने १ मे २०१४ पासून हिंदुस्थानचा आंबा घेण्याचे बंद केले, कारण आलेल्या काही फळांत व भाज्यांत फळमाशी सापडली होती. हंगाम ऐन भरात होता. पुढील वर्षाच्या आरंभी बंदी उठली, परंतु आंबा ठराविक उष्णतेच्या पाण्यातून किंवा वाफेतून काढूनच पाठवावा लागला. अमेरिकेने तर अठरा वर्षे आपला आंबा घेतला नव्हता. २००७ साली घेऊ लागली तीही अशा अटीवर की, फळांवर किरणांचा ठराविक मारा करून आतील कीड निकामी करावी, आणि ते काम त्यांच्या तपासनिसाच्या देखरेखीखाली व्हावे. ह्यासाठी आपला आंबा नाशिक जिल्ह्यात लासलगावी, जेथे कांद्यासाठी असे केंद्र होते तेथे, नेला जाऊ लागला. पुढे नव्या मुंबईतही सोय झाली. २०२० व २०२१ साली साथीमुळे तो तपासनीस येऊ शकला नाही, म्हणून अमेरिकेस आंबा गेला नाही. फळ चांगले होते, विमाने होती, खाणारेही होते. एक मनुष्य आला नाही. आणि २०२५ च्या मे महिन्यात किरणांचा मारा झालेल्या सुमारे पंधरा खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर कागदातील दोषावरून नाकारल्या गेल्या. परत आणण्याचा खर्च फळांच्या किमतीहून अधिक होता, म्हणून तो माल नष्ट करणे भाग पडले.

ह्या नियमांस आम्ही जुलूम म्हणत नाही. आपल्या बागेत परकी कीड शिरू नये असे आपणांसही वाटते, आणि फळांवर औषध किती उरले हे पाहणारा नियम आपल्या मुलांच्याही हिताचा आहे. परंतु नियम जेव्हा इंग्रजी कागदावर असतो आणि तो कागद बागाईतदाराच्या हाती कधी येतच नाही, तेव्हा नियम पाळणे त्याच्या हाती राहत नाही. दंड मात्र त्याच्या माथी येतो. उतरलेला भाव शेवटी झाडाखालीच येऊन पडतो.

दुसरी एक गोष्ट ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटेल. कार्तिक महिन्यात, आपल्या झाडांवर मोहोरसुद्धा नसतो तेव्हा, वाशीस हापूस विकावयास येतो. तो आफ्रिकेतील मलावी देशाचा. तेथील बागा कोकणातून नेलेल्या कलमांच्या आहेत. भूमध्यरेषेच्या दक्षिणेस ऋतू उलटे असल्याने त्यांचा हंगाम आपल्या आधी येतो. काजूचेही तसेच झाले आहे. पोर्तुगिजांनी ब्राझीलचा काजू गोव्यास आणला, तसाच आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही नेला. आज आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया ह्या देशांची काजूबी जहाजांनी येऊन आपल्या कारखान्यांत फोडली जाते, आणि ती मुबलक आली की राजापूरच्या बाजारात गावच्या बीचा भाव बसतो. चारशे वर्षांपूर्वी एकाच हाताने दोन किनाऱ्यांवर लावलेली झाडे आता एकमेकांची गिऱ्हाइके तोडीत आहेत, आणि तिकडील काजू वेचणारी बाई आपल्याकडील बाईहून काही अधिक सुखी आहे असेही नाही. तिच्याशी आपले वैर धरणे व्यर्थ आहे.

मिरी, कापड, आंबा, काजू ही घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यास आपला माल हवा होता. ह्या शतकात राजापूर तालुक्याकडे जे दूरचे लोक पाहू लागले त्यांस माल नको, जागा हवी आहे. हा फरक नीट ध्यानात घ्यावा. वाईट सौद्यात गेलेला माल पुढल्या हंगामात पुन्हा पिकतो. जमीन पिकत नाही.

६ डिसेंबर २०१० रोजी फ्रान्सच्या अरेवा कंपनीशी जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा करार झाला. माडबनच्या सड्यावर सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट, म्हणजे अशा प्रकारचे जगातील सर्वांत मोठे केंद्र, असा बेत होता. फ्रेंचांची वखार राजापुरास होती हे वर सांगितलेच आहे; साडेतीनशे वर्षांनी ते त्याच खाडीच्या मुखाशी पुन्हा आले. करारास तीन महिने होतात न होतात तोच, ११ मार्च २०११ रोजी, जपानात भूकंप व समुद्राची लाट येऊन फुकुशिमाच्या भट्ट्यांचा अपघात झाला. इकडे विरोध वाढला, आणि १८ एप्रिल रोजी साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मरण पावला. मग अरेवा कंपनीच बुडीत निघाली. त्याच जातीची एक भट्टी तिने फिनलंड देशात २००५ साली बांधावयास घेतली होती. ती नियमित वीज देऊ लागली ती २०२३ साली. २०१८ च्या आरंभापर्यंत अरेवाचा भट्ट्यांचा धंदा ईडीएफ ह्या दुसऱ्या फ्रेंच कंपनीकडे गेला होता, आणि तिने २०२१ साली आपल्या सरकारास नवा देकार दिला. जमीन मात्र ह्या सर्वांच्या आधीच घेऊन झाली होती. कंपनीचे नाव बदलले, धनी बदलला, भाव बदलला. सातबाऱ्यावरील नाव जे एकदा पुसले गेले ते पुसलेलेच राहिले.

तेलशुद्धीचा प्रकल्प ह्याहून मोठा. वर्षास सहा कोटी टन खनिज तेल शुद्ध करणारा कारखाना नाणार व आसपासच्या गावी व्हावा, त्यात तीन हिंदी सरकारी कंपन्यांबरोबर अरबस्तानची अराम्को व अबूधाबीची ॲडनॉक ह्यांची अर्धी भागी असावी, असे २०१८ साली ठरले. गावांनी विरोध केला, आणि २०१९ च्या मार्च महिन्यात सरकारने तेथील भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. पुढे त्याच तालुक्यातील बारसू-सोलगावची जागा पुढे आली. २०२३ च्या एप्रिलात माती तपासण्यास पोलीस बंदोबस्तात यंत्रे आली तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या पडल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत, प्रकल्पाच्या बाजूने असलेल्या एका जमीनव्यवहारवाल्याविषयी लिहिणारा राजापूरचा एक पत्रकार मोटारीखाली सापडून मरण पावला, आणि त्याबद्दल खुनाचा गुन्हा नोंदला गेला.

ह्या प्रकरणी दोन्ही बाजूंची माणसे आपल्यातच आहेत, म्हणून जपून बोलले पाहिजे. जो म्हणतो की, गावात म्हातारी माणसे तेवढी उरली, शाळा पटावाचून बंद पडतात, मुलांनी किती पिढ्या मुंबईस जावे, तो खोटे बोलत नाही. जो म्हणतो की, आंबा व मासळी ह्यांवर आमचे चालले आहे, ते घालवून मिळणारी नोकरी आमच्या मुलास मिळेल की परप्रांतीच्या शिकलेल्यास, हे लिहून द्या, तोही खोटे बोलत नाही. ज्या सड्यास कागदावर पडीक म्हणतात त्याच बारसूच्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी मनुष्यांनी कोरलेली चित्रे आहेत. देवाचे गोठणे व देवी हसोळ येथील चित्रांसह ती २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत नोंदली गेली. तेव्हा जगाचे एक बोट ह्या कातळावर कारखाना दाखविते आणि दुसरे त्याच कातळास हात लावू नका म्हणते. आम्हांस जे खटकते ते एवढेच की, नाणारच्या भागातील जमिनी कारखान्याची वार्ता गावात पोहोचण्यापूर्वीच बाहेरच्या लोकांनी स्वस्तात विकत घेतल्याचे पुढे उघडकीस आले. ज्यास आधी कळले त्याने भाव ठरविला. रुमाल तोच, बोटे मात्र मोठी.

म्हणून उपदेशकांनी वर्गात अक्षरओळखीबरोबर सातबाराचा उतारा, ग्रामसभेची नोटीस व भूसंपादनाची अधिसूचना ही वाचावयास शिकवावी. हरकत घेण्याची मुदत त्यांतच लिहिलेली असते, आणि पुष्कळदा ती संपल्यावर आपल्या लोकांस कळते. विधवा बहिणींच्या व मुंबईस राहणाऱ्या भावांच्या नावांची नोंद झाली आहे की नाही, तेही पाहावे. सामाईक जमिनीत एकाची सही घेऊन दुसऱ्याचा हक्क गुंडाळला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

आंब्याच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी अलीकडे बऱ्या घडल्या आहेत. २०२० च्या बंदीत वाशीचा बाजार अडला तेव्हा पुष्कळ बागाईतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहसंस्थांस फोनवरून विचारून पेट्या थेट दारी पोहोचविल्या. भाव त्यांनी स्वतः सांगितला व पैसे त्याच दिवशी मिळाले. त्यांतील कित्येकांनी ती गिऱ्हाइके पुढेही राखली. दुसरी गोष्ट ही की, २०१८ च्या ऑक्टोबरात हापूस ह्या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर ह्या जिल्ह्यांतील फळासच ते नाव लावण्याचा हक्क आहे. कर्नाटकाचा वा मलावीचा आंबा त्या नावाने विकता येऊ नये. परंतु हा हक्क आपोआप चालत नाही. ज्याने आपली बाग त्या मानांकनाखाली नोंदविली त्यासच पेटीवर ते चिन्ह लावता येते. दापोलीचे कृषी विद्यापीठ व बागाईतदारांच्या काही संस्था ह्यांच्या नावे ते मानांकन आहे, आणि त्यांच्यामार्फत नोंदणी होते. बागेचा सातबारा व ओळखीचा कागद लागतो; अर्ज भरून देण्यास लिहिता येणारा एक मनुष्य लागतो. अद्याप पुष्कळ बागाईतदारांची नोंद व्हावयाची आहे. पुढील वर्गास येताना ज्यांची कलमे आहेत त्यांनी आपला उतारा सोबत आणावा, आणि मोहोर येण्याच्या आत ते अर्ज भरून व्हावेत.